बीटी कपाशीस दाद न देणारी शेंदरी बोंडअळी

कपाशी हे महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतकऱ्याचे मुख्य नगदी पीक होय. विदर्भ, मराठवाडा व खानदेश या भागांतील लाखो कुटुंबांचा वर्षाचा संसार या एका पिकाच्या वेचणीवर अवलंबून असतो. बोंडअळ्यांनी या पिकाचे अपरिमित नुकसान होत असे. त्यावर उपाय म्हणून २००२ साली बीटी कपाशी आली आणि काही वर्षे बोंडअळीची चिंता बव्हंशी मिटली. परंतु २०१७ च्या हंगामात त्याच बीटी कपाशीची हिरवी बोंडे फोडून पाहता आत जिवंत शेंदरी अळ्या आढळल्या आणि हाती येणाऱ्या कापसाऐवजी शेतकऱ्याच्या पदरी कवडी पडली. हे असे का घडले, आणि जे उरले आहे ते टिकविण्यासाठी गावाने काय करावे, याचा विचार या पाठात केला आहे.

बीटी म्हणजे काय

बीटी हे मातीत आढळणाऱ्या एका जिवाणूच्या शास्त्रीय नावाचे संक्षिप्त रूप होय. बॅसिलस थुरिंजिएन्सिस असे त्याचे पूर्ण नाव आहे. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता या शास्त्रज्ञास रेशीमकिड्यांच्या रोगाचा शोध घेताना तो प्रथम सापडला. १९१५ साली जर्मनीतील बर्लिनर यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले आणि थुरिंजिया या प्रांतावरून त्यास नाव दिले.

हा जिवाणू आपल्या पेशीत प्रथिनाचा एक स्फटिक तयार करतो. पतंगवर्गातील अळीने तो खाल्ला म्हणजे तिच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात तो विरघळतो. त्यातून निघालेले विष आतड्याच्या अस्तरावरील विशिष्ट जागी चिकटते व तेथे छिद्रे पाडते. अळी खाणे सोडते व थोड्याच दिवसांत मरते. माणसाच्या व गुराढोरांच्या आतड्यांत हे विष चिकटण्याची जागा नसते. म्हणून या जिवाणूची भुकटी फवारणीसाठी पुष्कळ वर्षांपासून वापरात आहे.

हे प्रथिन तयार करण्याची आज्ञा ज्या जनुकात असते, ते जनुक शास्त्रज्ञांनी कपाशीच्या झाडात बसविले. अशा झाडाची पाने, पाती व बोंडे यांत ते प्रथिन आपोआप तयार होते. भारतात मार्च २००२ मध्ये एका जनुकाच्या तीन संकरित वाणांस लागवडीची अनुमती मिळाली. २००६ साली दोन जनुकांची कपाशी आली. २०१४ पर्यंत देशातील कपाशीच्या एकूण क्षेत्रापैकी ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटी कपाशीखाली आले होते.

शेंदरी बोंडअळीचा जीवनक्रम

ही कीड आपल्या देशास नवीन नाही. १८४३ साली तिचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले, तेही भडोचकडील कपाशीवर सापडलेल्या नमुन्यांवरून. तिचा पतंग लहान, करड्या तपकिरी रंगाचा व रात्री फिरणारा असतो. मादी पात्यांवर, फुलांवर व कोवळ्या बोंडांवर शंभराहून अधिक अंडी घालते. चार-पाच दिवसांत अंड्यांतून अळ्या निघतात. त्या आरंभी पांढुरक्या असून पुढे शेंदरी होतात.

फुलात शिरलेली अळी पाकळ्या आतून जाळ्याने बांधून टाकते. असे न उमललेले फूल गुलाबाच्या कळीसारखे दिसते. त्यास डोमकळी म्हणतात. बोंडात शिरलेल्या अळीने केलेले बारीक छिद्र थोड्याच वेळात बुजून जाते. त्यामुळे बोंड बाहेरून निरोगी दिसते, आणि आत मात्र अळी सरकी खात असते. फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. कीड दिसत नाही म्हणून कीड नाही असे समजणे, हीच या किडीच्या बाबतीत मोठी फसगत होय.

हंगामाच्या शेवटी थंडी पडू लागली की अखेरच्या पिढीतील अळ्या दोन सरक्या एकमेकींस जोडून त्यांत स्वस्थ पडून राहतात. अशी जोड सरकी, झाडावर राहिलेली किडकी बोंडे, बांधावर रचलेली पऱ्हाटी आणि जिनिंग कारखान्यातील कचरा ही तिची उन्हाळ्यातील वसतिस्थाने होत. पुढील पावसाळ्याच्या तोंडी तीतून पतंग निघतात. त्या वेळी शेतात पाती-फुले नसतील तर त्या पतंगांची संतती जगत नाही. पुढे सांगितलेल्या बहुतेक उपायांचे मर्म या एका गोष्टीत आहे.

प्रतिकारशक्ती कशी वाढते

कोणत्याही किडीच्या लक्षावधी संख्येत थोड्या अळ्या अशा असतात की ज्यांच्या आतड्यात हे विष नीट चिकटत नाही. ही शक्ती बीटी कपाशीने निर्माण केलेली नाही. ती निसर्गतःच तुरळक असते. परंतु शिवारात सर्वत्र बीटी कपाशीच असली म्हणजे साध्या अळ्या मरतात व या तुरळक अळ्याच तेवढ्या उरतात. शेतकरी ज्याप्रमाणे चांगली कणसे निवडून बियाणे राखतो, त्याचप्रमाणे हे पीक नकळत किडीतून चिवट वंश निवडून राखते.

यावर शास्त्रज्ञांनी आरंभीच उपाय सुचविला होता. विषास दाद न देण्याचा गुण सामान्यतः अळीला आईकडून व बापाकडून अशा दोन्ही बाजूंनी मिळाला तरच पूर्णपणे प्रकट होतो. एकाच बाजूने मिळाल्यास पुरेशा विषाने अळी मरते. समजा, एका शिवारात केवळ बीटी कपाशी आहे आणि तीवर १० चिवट पतंग वाचले. त्यांचा संयोग आपसांतच होईल व सारी संतती चिवट निपजेल. आता समजा, त्याच शिवारात बिगर बीटी कपाशीच्या काही ओळी आहेत व त्यांवर १,००० साधे पतंग वाढले. मग त्या दहांपैकी बहुतेकांचा जोडीदार साधा असेल आणि त्यांची संतती बीटी झाडावर मरेल. या ओळींना आश्रय ओळी म्हणतात. त्यांवरील थोडे नुकसान हे शिवाराच्या रक्षणासाठी दिलेले मोल होय.

भारतात काय घडले

२००२ सालच्या अनुमतीतच आश्रय ओळींची अट होती. बीटी कपाशीभोवती बिगर बीटी कपाशीच्या पाच ओळी अथवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढे क्षेत्र राखावयाचे होते. त्यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर बीटी बियाण्याची पुडी दिली जात असे. पुष्कळ शेतांत ही पुडी पेरली गेली नाही. अल्पभूधारक शेतकऱ्यास तेवढ्या जमिनीवरील नुकसान परवडणारे वाटले नाही. काही पुड्यांतील बियाणे उगवणीस कमी पडले किंवा त्याचा फुलोरा मुख्य पिकाच्या वेळी आला नाही. त्या पुडीचे प्रयोजन फारच थोड्यांस समजावून सांगण्यात आले होते.

आणखी दोन कारणे आपल्या देशातील लागवडीच्या पद्धतीतच होती. पहिले कारण संकरित वाणांचे. संकरित बियाण्यात बीटी जनुक बहुधा एकाच जनकाकडून आलेले असते. झाड बीटी असले तरी त्याच्या बोंडात धरणाऱ्या सरक्यांत जनुकांची वाटणी होते आणि एका जनुकाच्या वाणात सुमारे एक चतुर्थांश सरक्या जनुकाविना राहतात. शेंदरी अळीचे मुख्य खाद्य सरकी हेच असल्याने तिला एकाच बोंडात विषारी व बिनविषारी असे दोन्ही दाणे मिळतात. दुसरे कारण दीर्घ मुदतीचे. झाडाचे वय वाढते तसे त्यातील विषाचे प्रमाण घटते. अशा वेळी पाणी देऊन फरदड राखली म्हणजे अळीस सौम्य विषावर वाढण्याची सवड मिळते व जास्तीच्या पिढ्याही मिळतात.

परिणाम दिसण्यास फार काळ लागला नाही. गुजरातमधील अमरेली, भावनगर, जुनागढ व राजकोट या जिल्ह्यांत शेंदरी बोंडअळी एका जनुकाच्या कपाशीस दाद देत नाही, हे मार्च २०१० मध्ये जाहीर झाले. २०१४-१५ च्या सुमारास त्याच राज्यात दोन जनुकांच्या कपाशीच्या बोंडांतही जिवंत अळ्या आढळल्या. २०१७ साली महाराष्ट्रात मोठा उद्रेक झाला. २०२१ साली पंजाबातील भटिंडा व मानसा या जिल्ह्यांतही ती मोठ्या प्रमाणावर दिसली. अमेरिकन बोंडअळी व ठिपक्यांची बोंडअळी यांपासून बीटी कपाशीचे संरक्षण मात्र बहुतांशी टिकून आहे. अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो अशा अनेक पिकांवर जगते. त्यामुळे तिला बिगर बीटी आश्रय निसर्गतःच मिळतो. शेंदरी बोंडअळीचे जीवन जवळजवळ सर्वस्वी कपाशीवर आहे. म्हणूनच आश्रयासाठी केवळ तूर पेरल्याने शेंदरी बोंडअळीच्या बाबतीत हेतू साधत नाही.

अन्य देशांतील अनुभव

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात १९९६ पासून बीटी कपाशी घेतली जाते. तेथील शेतकऱ्यांनी आश्रयाचे क्षेत्र राखले, पऱ्हाटी वेळेवर नष्ट केली आणि दहा वर्षांत कीड चिवट झाली नाही. २००६ पासून तेथे वंध्य केलेले पतंग मोठ्या संख्येने सोडण्यात आले. २०१८ साली अमेरिकेच्या कपाशी पिकविणाऱ्या प्रदेशातून शेंदरी बोंडअळीचे निर्मूलन झाल्याचे घोषित झाले. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकरित बीटी कपाशीच्या दुसऱ्या पिढीचे बियाणे पेरले. त्यातील काही झाडे आपोआप बिगर बीटी निघाली व त्यांनी आश्रयाचे काम केले. वाढू लागलेली प्रतिकारशक्ती तेथे पुन्हा घटली. तीच कीड व तेच विष असूनही फळ निराळे मिळाले, याचे कारण लागवडीची रीत होय.

परिसरावरील इतर परिणाम

बीटी प्रथिन मावा, तुडतुडे, फुलकिडे व पांढरी माशी या रसशोषक किडींवर चालत नाही. बोंडअळीसाठी होणाऱ्या फवारण्या कमी झाल्या, तेव्हा या किडींना मोकळीक मिळाली. २००६ नंतर भारतात पिठ्या ढेकणाचा मोठा उपद्रव झाला. पुढे त्याच्यावर उपजीविका करणाऱ्या एका चिमुकल्या परोपजीवी माशीने तो पुष्कळसा आटोक्यात आणला. उत्तर चीनमध्येही बीटी कपाशीचा प्रसार झाल्यानंतर ढेकूणवर्गीय किडी वाढल्याचे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविले गेले. त्यांच्यासाठी फवारण्या पुन्हा वाढल्या. एक कीड दबली म्हणजे शेतातील जीवांचा मेळ बदलतो आणि रिकाम्या जागी दुसरी येते, हे ध्यानात ठेवावे.

जनुकाचा प्रसार हा दुसरा प्रश्न. कपाशीचे परागकण जड व चिकट असल्याने ते वाऱ्याने दूर जात नाहीत. मधमाश्यांच्या द्वारा मात्र जवळच्या शेतात संकर होऊ शकतो. गावरान कपाशीच्या पेशीत २६ व अमेरिकन कपाशीच्या पेशीत ५२ गुणसूत्रे असल्याने या दोहोंचा संकर शेतात सहसा यशस्वी होत नाही. परंतु जो शेतकरी बिगर बीटी अमेरिकन वाणाचे बियाणे राखतो, त्याने आपले शेत बीटी कपाशीपासून दूर ठेवावे. वांग्याची गोष्ट निराळी आहे. वांग्याचे अनेक स्थानिक वाण व रानटी सगेसोयरे आपल्या देशात आहेत. बीटी वांग्याच्या लागवडीस केंद्र शासनाने ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली, तेव्हा झालेल्या चर्चेत हाही एक मुद्दा होता.

माणसाची हानी सर्वांत गंभीर होय. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. पिकातील विष निकामी झाले म्हणजे पंपातील विष वाढते, आणि त्याचा पहिला आघात पंप पाठीवर घेणाऱ्यावर होतो.

गावाने करावयाची कामे

पतंग बांध ओळखत नाहीत. एकाने पऱ्हाटी जाळली अथवा गाडली आणि शेजाऱ्याने फरदड राखली, तर दोघांचेही श्रम वाया जातात. म्हणून पुढील कामे साऱ्या शिवाराने एकाच वेळी करावीत.

१. हंगामाचा शेवट : डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीच्या आरंभी, पीक संपवावे. फरदड घेऊ नये. शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्यामेंढ्या बसवाव्यात, म्हणजे उरलेली हिरवी बोंडे त्या खाऊन टाकतील.

२. पऱ्हाटी व नांगरट : पऱ्हाटी मुळासकट उपटून तिचे बारीक तुकडे करून खतात घालावे. जळणासाठी ती वर्षभर बांधावर रचून ठेवू नये. धसकटे वेचून उन्हाळ्यापूर्वी खोल नांगरट करावी. त्यायोगे जमिनीतील कोष उन्हाने व पक्ष्यांनी नष्ट होतात. पुढील हंगामात त्या जमिनीत कपाशीऐवजी दुसरे पीक घेता आल्यास उत्तम.

३. पेरणी : एप्रिल-मे महिन्यांत पाणी देऊन कपाशी लावू नये. पुरेसा पाऊस झाल्यावर जूनमध्ये सर्वांनी एकाच सुमारास पेरणी करावी. लवकर तयार होणारे वाण निवडावेत. अनुमती नसलेले, पावतीविना मिळणारे बियाणे घेऊ नये. त्याची शुद्धता अथवा त्यातील आश्रयाची तरतूद यांची हमी कोणी देत नाही.

४. आश्रय : बियाण्यासोबत बिगर बीटी पुडी मिळाल्यास ती अवश्य पेरावी. अलीकडे बिगर बीटी बियाणे त्याच पिशवीत मिसळून देण्याची पद्धत आली आहे. त्यातून उगवलेली किडकी झाडे उपटून टाकू नयेत. आश्रय ओळींवर बीटी जिवाणूची भुकटी फवारू नये, कारण त्यामुळे आश्रयाचा हेतूच नष्ट होतो.

५. पाहणी : पाती लागताच हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. लागोपाठ तीन दिवस दर सापळ्यात रोज ८ अथवा अधिक पतंग सापडल्यास उपाय करण्याची वेळ आली असे समजावे. डोमकळ्या दिसताच वेचून अळीसह नष्ट कराव्यात. बोंडे धरल्यावर दर आठवड्यास शेताच्या निरनिराळ्या भागांतून २० हिरवी बोंडे तोडून फोडावीत. त्यांपैकी २ बोंडांत जिवंत अळी आढळल्यास नुकसान १० टक्क्यांच्या मर्यादेस पोहोचले असे धरावे.

६. उपचार : आरंभी ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा गांधीलमाशीची कार्डे मिळत असल्यास ती लावावीत व त्या काळात रासायनिक औषध फवारू नये. मर्यादा ओलांडल्यावरच कृषी विद्यापीठाने शिफारस केलेले कीटकनाशक योग्य प्रमाणात वापरावे. दोन-तीन औषधे एकत्र मिसळू नयेत. पायरेथ्रॉइड गटातील औषधे हंगामाच्या आरंभी वापरल्यास पांढरी माशी वाढते.

७. फवारणीतील दक्षता : तोंडावर मुखपट्टी, डोळ्यांस चष्मा, हातांत मोजे व अंगभर कपडे असल्याशिवाय पंप उचलू नये. वाऱ्याच्या दिशेविरुद्ध फवारू नये. उपाशीपोटी फवारणी करू नये. मळमळ, चक्कर अथवा डोळ्यांची आग होऊ लागल्यास काम तत्काळ थांबवून औषधाच्या डब्यासह दवाखाना गाठावा.

८. साठवण व जिनिंग : किडका कापूस चांगल्या कापसात मिसळू नये व घरात उन्हाळाभर साठवू नये. जिनिंग कारखाने व खरेदी केंद्रे यांच्या आवारात कामगंध सापळे लावावेत आणि तेथील सरकीचा कचरा पावसाळ्यापूर्वी नष्ट करावा.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

या पाठातील गोष्टी सभेत वाचून दाखविणे पुरेसे नाही. कार्यकर्त्याने ऑक्टोबर महिन्यात शेतकऱ्यांना एका शेतात एकत्र जमवावे आणि त्यांच्याच हातांनी २० बोंडे फोडवून घ्यावीत. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या बोंडातील अळी एकदा डोळ्यांनी पाहिली म्हणजे पुढील सांगणे सोपे होते. सापळ्यांतील पतंगांचा आकडा चावडीवरील फळ्यावर लिहावा. पीक संपविण्याची तारीख ग्रामसभेत ठरवावी आणि ती ठरविताना ज्यांच्याकडे विहिरीचे पाणी आहे, त्यांस प्रथम विश्वासात घ्यावे, कारण फरदडीचा मोह त्यांनाच अधिक असतो. त्यांना गहू, हरभरा यांसारख्या रब्बी पिकाचा हिशेब मांडून दाखवावा.

जमिनीचा कस जसा वर्षानुवर्षे राखावा लागतो, तसाच पिकातील विषाचा गुणही राखावा लागतो. तो एकट्या बियाणे विकणाऱ्याच्या अथवा एकट्या शेतकऱ्याच्या मालकीचा नाही. तो साऱ्या शिवाराचा ठेवा आहे, आणि एकदा संपला म्हणजे पैसे देऊन परत मिळत नाही. उद्या नवे जनुक व नवे बियाणे आले तरी किडीचा स्वभाव तोच राहणार आहे. पहिल्या बियाण्यासोबत आलेली १२० ग्रॅमची पुडी पुष्कळांनी बांधावर टाकून दिली. तिच्यासोबत काय टाकले गेले हे आता कळून आले आहे. पुढील बियाण्याच्या बाबतीत हा धडा गावाने पेरणीपूर्वीच ध्यानात घ्यावा.